सुतारमामांची फूटभर उंचीची ए-फ्रेम

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवायच्या कामात राबलेल्या माणसांचा सत्कार करायचा आहे आणि शाल-श्रीफळापुढे काही सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

2016 साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे या कामाची गावागावांतली स्पर्धा झाली, तेव्हा वरूड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव असे तीनच तालुके होते. 116 गावं उतरली होती. आमच्याच तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, 50 लाखांचं बक्षीस मिळालं, आम्हीही टाळ्या वाजवल्या. आमचं गाव कुठल्याच नंबरात नव्हतं. नंबर राहू दे, पण 45 दिवस माळावर टिकाव-घमेलं घेऊन खपलेल्या बायकांचं नाव एकदाही कुणी माईकवर घेतलं नाही, हे मला तेव्हापासून सलत होतं. यंदा दहा वर्षं झाली म्हणून 15 ऑगस्टला शाळेच्या पटांगणात त्या 31 जणींचा सत्कार ठरवला.

आधी शहरातल्या एका दुकानातून अ‍ॅक्रिलिकच्या स्मृतिचिन्हाचा नमुना मागवला. त्यावर 'पाणलोट'चं 'पानलोट' झालं होतं. परत पाठवला आणि गावातल्या सुतारमामांकडे गेले.

मामांनी सागाच्या पट्ट्यांची फूटभर उंच ए-फ्रेम केली, म्हणजे उतारावर एका पातळीची रेघ आखायचं, इंग्रजी A च्या आकाराचं साधन. शेंड्यापासून सुती दोरा, त्याला छोटा पितळी ओळंबा, आडव्या पट्टीवर तापल्या तारेने कोरलेलं नाव. एका नगाचे 380 रुपये. आणि ती खरंच चालते! डोंगरावर हेच करायचो आम्ही: दोन पाय टेकवायचे, दोरा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की (पांढरी भुकटी) टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. फक्कीची रेघ डोंगराच्या अंगाने वळत जाते आणि तिच्यावर चर निघतो. रेघ चुकली तर पाणी चराच्या एका टोकाला धावतं, भराव फोडतं आणि माती घेऊन खाली जातं. बरोबर असली तर चरभर उभं राहतं, मुरतं. म्हणून मामांनी 31 च्या 31 नग टेकवून, पायांची अदलाबदल करून पुन्हा टेकवून, मगच मधली खूण केली. हे मी त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलं आहे.

उणिवाही सांगते. चार नगांचं पॉलिश ओलं होतं, त्याला वर्तमानपत्र चिकटलं. दोन ओळंब्यांची गाठ सुटली. मामांनी त्याच संध्याकाळी दोन्ही कामं करून दिली, जादा पैसे घेतले नाहीत.

सत्काराच्या दिवशी सगळ्यांत वयस्क आजींच्या हातात ए-फ्रेम दिली. फोटोसाठी थांबायचं सोडून त्या खाली बसल्या, फरशीवर ती टेकवली, दोरा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, मग फिरवून पुन्हा टेकवली. सगळं पटांगण गप्प. मग मागे उभ्या मामांकडे बघून म्हणाल्या, "खूण बराबर हाय रं."

मागवायची असेल तर तीन आठवडे आधी सांगा. नावं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या, बायकांची त्यांना जशी हवीत तशीच, त्यांना विचारून.