एचओ स्केलचं एलएनजी टेंडर किट: टाकीला पैकीच्या पैकी, टोकं कच्ची

एचओ म्हणजे 1:87 प्रमाणातली मॉडेल रेल्वे, आणि एलएनजी टेंडर म्हणजे इंजिनाला लागणारा द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारा डबा. त्याच्या टाकीभोवतीची 40 फुटांची आयएसओ चौकट (प्रमाणित कंटेनरच्या मापाची) 1:87 मध्ये 140 मिमी व्हायला हवी. या थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या रेझिन किटमधली चौकट कॅलिपरने मोजली की 139.6 भरते. रुंदी 8 फुटांना 28 मिमी, तीही बरोबर. रेझिन कडक होताना थोडं आकसतंच, ते गृहीत धरून आराखडा केलेला दिसतो. छोट्या उत्पादकाच्या किटमध्ये एवढी काळजी क्वचित सापडते.

किट बेतलंय फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या टेंडरवर. या रेल्वेने आपली 24 ईएस44सी4 इंजिनं डिझेल आणि नैसर्गिक वायू अशा दुहेरी इंधनावर घेतली. दोन इंजिनं पाठीला पाठ, मधे एक टेंडर, आणि ते दोघांनाही गॅस पुरवतं. बर्लिंग्टन नॉर्दर्नने 1990च्या दशकात दोन एसडी40-2 इंजिनांच्या मधे टेंडर जोडून चाचण्या घेतल्या, तेव्हाही मांडणी हीच होती.

टाकी एकाच तुकड्यात आणि पोकळ आहे. थरांच्या रेषा फक्त तळाच्या बाजूला दिसतात, म्हणजे छापताना टाकी कशी ठेवायची याचा विचार झालाय. 400 आणि मग 800 नंबरचा पॉलिश पेपर, दोन्ही पाण्यात भिजवून फिरवले की रेषा जातात. कोरडं घासू नका. रेझिनची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट. घासण्याआधी एक काम विसरू नका. टाकीच्या एका टोकाला 3 मिमीचं भोक आहे, त्यातून टॉर्च मारून आत बघा. चिकट ओल दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून हलवा, ओता, पुन्हा भरा, आणि पूर्ण सुकल्यावर त्याच भोकातून अतिनील दिवा आत दाखवा. आत राहिलेलं कच्चं रेझिन भिंतीला हळूहळू चिरा पाडतं, आणि रंग दिल्यानंतर काही महिन्यांनी त्या चिरा वर येतात.

वजनाचा मुद्दा पुस्तिकेत एका ओळीत उरकलाय, तो जरा सविस्तर हवा होता. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओच्या डब्याला 1 औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. हे टेंडर 200 मिमी लांब, म्हणजे साधारण 140 ग्रॅम. जुळवलेलं किट भरतं 60 च्या आसपास. दोन जड इंजिनांच्या मधे एवढा हलका डबा वळणावर उचलला जाणारच. उरलेले 80 ग्रॅम शक्यतो सांगाड्याच्या तळाशी बसवा. सगळं टाकीत भरलं तर गुरुत्वमध्य वर जातो. टाकीत शिशाचे छर्रे घालायचेच असतील तर ते इपॉक्सीने धरा. पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाने अजिबात नको. त्या गोंदातलं आम्ल शिशाला लागतं, शिसं फुगत जातं आणि टाकी आतून फुटते.

चाकं बदलावी लागतात. किटमध्ये 33 इंची, म्हणजे 9.6 मिमीची चाकं आहेत आणि बोगीचा, म्हणजे चाकं बसतात त्या चौकटीचा, साचा मात्र 100 टनी डब्याचा, ज्याला 36 इंची चाकं लागतात, 10.5 मिमीची. बदलल्यावर टेंडर 0.44 मिमीने वर जातं. तेवढंच बोगीच्या बैठकीवरून घासून काढा आणि काडी (Kadee) कंपनीच्या 205 नंबरच्या गेजवर कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, तपासा. कपलरची उंची जुळली नाही तर चढावर गाडी सुटते, आणि सुटते ती टेंडरपाशीच.

आता टोकं. खऱ्या टेंडरवर सगळी गंमत इथे असते. उणे 162 अंशांच्या द्रवाचा गॅस करायला उष्णता लागते, ती इंजिनाच्या गरम कूलंटमधून येते. म्हणून टेंडर आणि इंजिन यांच्यात ब्रेकच्या होजखेरीज गॅसची नळी, कूलंटची नेआण आणि विजेच्या केबल असं बरंच काही लोंबत असतं. त्यामुळेच बघणाऱ्याला लांबूनही कळतं की ही साधी टँक वॅगन नाही. किटमध्ये या सगळ्याच्या जागी दोन्ही टोकांना एकेक जाडजूड, ताठ, छापलेली नळी दिलीय. ती लावली तर पहिल्याच वळणावर तुटेल. चुकून नाही तुटली तर डबा रुळावरून खेचेल.

ती कापून टाका. 0.8 मिमीची सिलिकॉन वेष्टनाची वायर नळी म्हणून उत्तम दिसते, कारण ती स्वतःच्या वजनाने झोळ घेते. टोकाच्या पत्र्याला 0.8 मिमीचं भोक पाडा, पिन वाइजने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने), हळूहळू. घाईने ड्रिल फिरवलं की रेझिनचा टवका उडतो. वायरचं एक टोक टेंडरला पक्कं करा. दुसऱ्या टोकाला 1 मिमीचं निओडिमियम चुंबक आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर त्याचा जोडीदार, ध्रुव आधी तपासून. सरळ रुळावर अंतर 18 मिमी असेल तर वायर 24 ठेवा. 457 मिमी त्रिज्येच्या वळणावर बाहेरच्या बाजूचं अंतर वाढतं, तिथे आखडलेली नळी चुंबक सोडून देते. सोडली तरी नुकसान नाही, रुळावरून काही उतरत नाही. दोन टोकांना मिळून ही एक संध्याकाळ जाते आणि टेंडरमध्ये जीव येतो.

डिकॅलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदात एक चूक आहे आणि ती अक्षम्य आहे. लाल चौकोनी फलकावर 1971 छापलंय. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत हा दाबाखालच्या नैसर्गिक वायूचा क्रमांक. थंड करून द्रवरूप केलेल्याला 1972 लागतो. फलक जेमतेम 3 मिमीचा, पण क्लोज-अप फोटोत आकडा वाचता येतो. चारही फलक दुसऱ्या कागदातून घ्या. बाकी डिकॅल पातळ आहेत, ग्लॉस कोटवर छान बसतात.

रंगाला अडचण नाही: राखाडी प्रायमर, मग पांढऱ्याचे तीन पातळ हात. एकाच जाड हाताने टाकीच्या कडांवर ओघळ येतात. वेदरिंग करताना, म्हणजे मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून रंगवताना, संपूर्ण टाकीवर हिमाचा पांढुरका थर देण्याचा मोह होतो. तो चूक ठरेल. टाकी दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी, बाहेरचा पत्रा हवेइतकाच उबदार. हिम दाखवायचंच तर उघड्या व्हॉल्व्हवर आणि थंड नळीच्या छोट्या तुकड्यावर, बस्स.

एकही रेझिन किट न जुळवलेल्याने यापासून सुरुवात करू नये. ज्याच्याकडे पिन वाइज आहे, ईएस44सी4ची जोडी आहे आणि टोकांवर एक संध्याकाळ घालवायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावं. उत्पादकाने पुढच्या खेपेत ताठ नळ्या काढून सुट्या वायरी द्याव्यात आणि फलकावरचा आकडा दुरुस्त करावा.