साठीच्या पुढच्यांसाठी ताकदीचा व्यायाम वर्ग, कर्वेनगर – आईला घातलंय, आमचा अनुभव

आई ७३ची. रोज सकाळी न चुकता चालायला जाते, बीपी शुगर ताब्यात, तरी पूजेला खाली बसली की उठताना कोणीतरी हात द्यावा लागायचा आणि पीएमपीच्या पायऱ्यांची धास्ती म्हणून बसने जाणंच सोडलं होतं. शेजारच्या काकूंनी या वर्गाचं सांगितलं. एक फिजिओथेरपिस्ट मॅडम घेतात, आठवड्यातून ३ दिवस.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आल्या आल्या व्यायाम सुरू करत नाहीत, आधी मोजतात. हात छातीशी धरून ३० सेकंदात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते बघतात, सत्तरीच्या बाईला निदान १० वेळा जमायला हवं, आईचं ७ला थांबलं. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं समजतात. व्यायाम पण घोट्याला वजनाचे पट्टे बांधून, रबरी बँड ओढून, टाचेला बोट लावून एका रेषेत चालणं असे, आणि जमायला लागलं की मॅडम वजन वाढवतात, तिथेच अडकवून ठेवत नाहीत, खरा फरक यानेच पडतो. नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही हो! जागतिक आरोग्य संघटना पण ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करा म्हणते, पण आपल्याकडे वय झालं की आधी "आता जपून, जड उचलू नको" हेच सुरू होतं.

खाण्याचं पण विचारतात. आई रात्री नुसता मऊ भात आणि ताक घ्यायची, आता रात्रीच्या जेवणात मुगाची उसळ नाहीतर पनीर असतंच, स्नायू बनायला प्रोटीन लागतं हे तिला मॅडमनी सांगितलं तेव्हा पटलं, मी सांगून थकले होते.

आता आई ११ वेळा उठते, पूजेहून एकटी उठते. शिवाय तिथे मैत्रिणी झाल्यात, वर्ग संपला की सगळ्या कट्ट्यावर बसतात, एखादी आली नाही तर लगेच फोन जातो. बाबा गेल्यापासून ती घरात गप्प असायची, त्यामुळे मला याचंच जास्त समाधान आहे.

खटकलेलं एकच, हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच जिन्याशी अडतात. तळमजल्यावर जागा बघा असं मी मॅडमना सांगितलंय. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट न्या, हाडं ठिसूळ असतील किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, त्याप्रमाणे व्यायाम बदलून देतात. सकाळी ८ची बॅच लवकर भरते, ११ला गर्दी कमी असते.