मागच्या चाकांच्या निपलपर्यंत पोहोचणारा वाकडा ब्लीडर पाना

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणला उतरणाऱ्या आमच्या 2008 सालच्या पिकअपचे ब्रेक पेडल गेल्या पावसाळ्यापासून खोल जाऊ लागले होते. दोनदा पंप केल्याशिवाय ब्रेक धरत नव्हते, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. एका गॅरेजमध्ये दोन वेळा एअर काढून घेतली, परंतु मागच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर सोडणाऱ्या पोकळ स्क्रूला) पाना नीट लागत नसल्यामुळे दोन्ही वेळा पुढच्या चाकांवरच काम आटोपले गेले आणि दुसऱ्या खेपेस उघड्या तोंडाच्या फिक्स पान्याने जोर लावताना मागच्या डाव्या निपलचे कोपरेही झिजले. त्यानंतर मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून 8 आणि 10 मिलिमीटर मापाचा, दोन्ही टोकांना वाक दिलेला सहा कोनी ब्लीडर पाना 340 रुपयांना आणला. आठ महिन्यांत तो तीन वेळा वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

मागच्या ड्रमच्या बॅकप्लेटमागे व्हील सिलिंडरचे निपल जेथे बाहेर येते, तेथे आमच्या गाडीत एका बाजूला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ते अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट, दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सलचे हाउसिंग आणि वरून हँडब्रेकची केबल आहे. सरळ रिंग पाना निपलवर बसतो, पण त्याची दांडी यू-बोल्टला अडते. चासिसखाली जॅक लावून गाडी उचलली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि थोडी जागा मोकळी होते, हे खरे. परंतु ज्या पिकअपमध्ये भारानुसार मागच्या ब्रेकचे प्रेशर ठरवणारा वॉल्व्ह बसवलेला आहे, तिच्यात हा उपाय उलटतो. त्या वॉल्व्हचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला असतो, त्यामुळे अ‍ॅक्सल लोंबताच हौदा रिकामा असल्याप्रमाणे वॉल्व्ह मागचे प्रेशर कमी करतो, ऑइल जोराने वाहत नाही आणि हवा आतच अडकून राहते. म्हणून स्टँड अ‍ॅक्सलखाली द्यावे लागतात आणि पाटे दाबलेले असताना त्याच अरुंद जागेत हात घालावा लागतो. या पान्याची किंमत मला तेथे कळली.

वाक असल्यामुळे दांडी यू-बोल्टच्या टोकांवरून निघते आणि निपलवर रिंग पूर्ण खोल बसते. झिजलेल्या डाव्या निपललाही सहा कोनी रिंगने सपाट बाजूंवर पकड घेतली. बारा कोनी रिंग तेथे नक्की घसरली असती. मात्र सहा कोनी रिंग काढून पुन्हा बसवायची तर 60 अंश फिरण्याएवढी जागा लागते. आमच्या गाडीत ती जेमतेम मिळते, म्हणून निपल पाव फेरा उघडण्यासाठी दोन टप्पे घ्यावे लागतात आणि पारदर्शक नळी दुसऱ्या टप्प्यानंतरच लावता येते. आपल्या गाडीत यापेक्षा कमी जागा असेल, तर हा पाना घेण्यापूर्वी पाटे दाबलेले असताना ती मोजून पाहावी.

हे गंजलेले निपल सोडवण्याचे हत्यार नव्हे. दांडी आखूड आहे, जोर मर्यादित लागतो. निपल आतून पोकळ असते, टोकाजवळ त्याला आडवे छिद्र असते आणि जास्त जोर दिला तर ते मानेतच तुटते. मी रात्रभर गंज सोडवणारे तेल घालून ठेवले, सकाळी हातोडीने हलके ठोकले आणि मगच पाना लावला. कसताना मात्र हीच आखूड दांडी उपयोगी पडते, कारण हाताला अंदाज राहतो.

चुलतभाऊ आत बसून पेडल दाबून धरत होता आणि मी खाली निपल उघडत होतो. सर्वांत लांबचे मागचे डावे चाक आधी घेतले. नळीतून प्रथम काळपट चहासारखे ऑइल आले, मग साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे बराच वेळ येत राहिले आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी दोनदा भरून काढल्यावर ऑइल स्वच्छ झाले. एवढी हवा मागच्या लाइनमध्ये होती आणि पुढच्या चाकांवरच्या कामाने ती कधीच निघाली नसती. जुने ऑइल गेले याचेही मला समाधान आहे, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर ठरलेली किमान मर्यादा 155 अंश आहे. भरल्या गाडीने घाट उतरताना हा फरक फार मोठा आहे.

पान्यात एक खरा दोष आहे. 10 मापाच्या टोकाची भिंत जाड असल्याने पुढच्या कॅलिपरवर ते रबरी होजच्या जोडाला घासते, त्यामुळे पुढे मी अजूनही साधा रिंग पानाच वापरतो. मागची निपले 8 मापाची असतील तर हा पाना निःशंक घ्यावा. 10 मापाची असतील तर दुकानात दोन-तीन पाने हातात घेऊन सर्वांत पातळ भिंतीचा निवडावा.