रूथ, एस्तेर की मीखल : प्रेमकादंबरीसाठी नायिका निवडताना

बायबलच्या जुन्या करारातील एखाद्या स्त्रीवर ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकापुढे बहुधा रूथ, एस्तेर आणि मीखल ही तीन नावे असतात. चौथे नाव बथशेबाचे निघते, पण ते मी आरंभीच बाजूला ठेवते. दावीद राजाने माणसे पाठवून तिला महालात आणवले आणि त्या सबंध अध्यायात तिच्या तोंडी एवढाच निरोप आहे की, मी गरोदर आहे. जिथे नकार देण्याची सोयच नव्हती तिथे प्रणय रंगवला, तर ती राजाची वकिली होईल.

उरलेल्या तिघींची पारख करताना मूळ कथेत ‘प्रेम’ हा शब्द कोणाच्या बाजूने आला आहे, हे मी आधी पाहते. एस्तेरच्या पुस्तकात राजाचे तिच्यावर इतर सर्व स्त्रियांपेक्षा अधिक प्रेम बसले असे म्हटले आहे. तिचे राजावर बसले की नाही, याविषयी अक्षर नाही. रूथच्या पुस्तकात तो शब्द एकदाच, अगदी शेवटच्या अध्यायात येतो आणि तोही तिच्याशी पुढे लग्न करणाऱ्या बवाजासाठी नव्हे: तुझ्यावर प्रेम करणारी सून तुला सात मुलांहून अधिक आहे, असे शेजारणी तिच्या सासूला, नामीला सांगतात. मीखलविषयी मात्र शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तिचे दाविदावर प्रेम जडले असे सरळ लिहिले आहे, आणि हिब्रू बायबलच्या कथाभागात एखाद्या स्त्रीचे पुरुषावर प्रेम असल्याचे स्पष्टपणे सांगितले आहे ते एवढ्याच ठिकाणी.

सामग्रीच्या बाबतीत एस्तेरची बाजू सर्वांत भरभक्कम आहे. इराणी राजधानी शूशनचा राजवाडा, १२७ प्रांत, १८० दिवसांचा थाट, राजापुढे जाण्याआधी सहा महिने गंधरसाचे तेल आणि सहा महिने सुगंधी द्रव्ये असे वर्षभराचे संस्कार, हे सारे मुळातच आहे. शिवाय शूशनच्या उत्खननात सापडलेले चकाकत्या रंगीत विटांचे धनुर्धारी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पाहता येतात. अडचण आहे ती ‘ऐतिहासिक’ या शब्दाची. कथेतला राजा अहश्वेरोश म्हणजे इ. स. पू. ४८६ ते ४६५ या काळातला इराणचा सम्राट पहिला झर्क्सीस असे सहसा मानले जाते, पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याच्या राणीचे नाव अमेस्त्रिस असे दिले आहे. मराठी लेखकासाठी दुसरा चकवा भाषेचा आहे. दरबार, हुजूर, जनानखाना हे शब्द हाताशी आयते आहेत आणि इराणी दरबार म्हटल्यावर ते शोभूनही दिसतात. परंतु ते आपल्याकडे सुलतानी आणि पेशवाई वातावरण घेऊन आले आहेत, त्यामुळे दोन पानांतच शूशनचे पुणे होते.

मूळ पेच मात्र याहून खोल आहे. मुली राजाज्ञेने गोळा केल्या जातात, एकेक संध्याकाळी आत जाते आणि सकाळी दुसऱ्या अंतःपुरात परतते. एस्तेरच्या पुस्तकाच्या ग्रीक पाठात जी भर आहे तिच्यात एस्तेर प्रार्थनेत परक्यांच्या शय्येची आपल्याला किळस असल्याचे सांगते. त्याच भरीत ती राजापुढे मूर्च्छित होते आणि तो घाबरून सिंहासनावरून उठून तिला सावरतो. प्रेमकथाकाराला हवा तो प्रसंग आणि त्यावर पाणी ओतणारे वाक्य, दोन्ही तिथेच शेजारी शेजारी आहेत. वसईच्या कॅथलिक वाचकाच्या बायबलमध्ये हा भाग असतो, नगरकडच्या प्रॉटेस्टंट वाचकाच्या बायबलमध्ये तो मुख्य पाठात नसतो, हे ध्यानात ठेवून लिहावे. (कोकणातल्या बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, एस्तेरच्या आठवणीच्या पुरीम सणाला ‘होळीचा सण’ म्हणत, ही आपल्या भाषेतली एक गोड जोड.)

रूथची कथा चार अध्यायांची, ८५ वचनांची आहे आणि मराठीला ती फारसे कष्ट न घेता मानवते. सरवा वेचणे, खळे, उपणणी, वतन सोडवून घेणे या शब्दांना टीप लागत नाही. कापणी करणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळी बवाज तिला भाजलेले धान्य स्वतःच्या हाताने देतो, ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी बांधून घेते. या एका घासात दोन्ही नाती आहेत. खळ्यावरच्या रात्रीचा प्रसंगही बारकाईने वाचण्याजोगा आहे. पुढे काय करायचे ते तोच सांगेल, अशी नामीची सूचना होती. प्रत्यक्षात रूथच बोलते आणि माझ्यावर पांघरूण घाला म्हणून मागणे मागते. हिब्रूत ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद नाही, मराठीत तो टाळता येत नाही, तेव्हा ती त्याला कोणत्या क्षणी ‘तू’ म्हणू लागते किंवा कधीच म्हणत नाही, हा निर्णय लेखकालाच घ्यावा लागेल. बवाज वयाने मोठा आहे, तिला मुली म्हणून हाक मारतो, आणि चौथ्या अध्यायात वेशीजवळचा व्यवहार पुरुषांत होत असताना रूथ एक शब्दही बोलत नाही, या अडचणी आहेतच. त्यांवर मात करता येते. नामीला कोपऱ्यात बसवून जोडप्यालाच उजेडात आणले, तर मात्र कथेचा कणा मोडतो.

मीखलपाशी प्रेम आहे आणि त्याचा भंगही आहे. तिचा बाप शौल राजा देज म्हणून शंभर पलिष्टी शत्रूंच्या अग्रत्वचा मागतो, दावीद दोनशे आणतो. शौलाचे मारेकरी दाराशी आले असता ती नवऱ्याला खिडकीतून खाली उतरवते आणि बिछान्यात गृहमूर्ती ठेवून तिच्या उशाला बकऱ्याचे केस लावते. पुढे शौल तिला पालतीएल नावाच्या दुसऱ्या पुरुषाला देऊन टाकतो, आणि कित्येक वर्षांनी सत्तेच्या बोलणीत दावीद तिला परत मागतो. करार कोश या पवित्र पेटीसमोर नाचत येणाऱ्या दाविदाला ती पाहते तीही खिडकीतूनच, पण आता तिच्या मनात तिरस्कार असतो. दोन खिडक्यांमध्ये अख्खी कादंबरी आयती मिळते, फक्त प्रेमकादंबरीच्या वाचकाला हवा असलेला सुखान्त मिळत नाही. मरेपर्यंत तिला मूल झाले नाही, असे सांगून ग्रंथ तिला सोडून देतो.

पहिलीच कादंबरी असेल आणि शेवट गोड हवा असेल, तर रूथ घ्यावी. एस्तेर राजकीय डावपेचांसाठी उत्तम आहे, प्रणयासाठी मी ती सुचवणार नाही. हात बसलेला असेल तर माझे मत मीखलला आहे, पण नायक दावीद नसावा. तिला नेत असताना पालतीएल बहूरीमपर्यंत रडत तिच्यामागून चालत गेला, सेनापती अबनेरने परत फीर म्हटल्यावर परतला, आणि त्या वाटेवर मीखलने मागे वळून पाहिले की नाही हे ग्रंथात लिहिलेले नाही.