अ‍ॅस्ट्रल: दोन वर्षं रोज वापरल्यावरचा रिव्ह्यू

सह्याद्रीतल्या पालींवर पीएचडी करतेय आणि गेली दोन वर्षं जवळपास रोज हे सॉफ्टवेअर चालवतेय, त्यामुळे आता त्याच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले सियावश मिरारब यांचं हे काम, टेक्सासमध्ये त्यांची पीएचडी चालू असताना २०१४ मध्ये पहिल्यांदा आलं आणि तेव्हापासून ते आणि त्यांचे सहकारी त्यावर सतत काम करतायत.

हे नेमकं करतं काय? तुम्ही प्रत्येक जीनची वेगवेगळी वंशावळ काढून द्यायची, एका फाईलमध्ये एका ओळीवर एक, आणि अ‍ॅस्ट्रल त्या सगळ्यांवरून प्रजातींची एक वंशावळ काढून देतं. यावर कोणीही विचारेल की एकाच प्राण्याच्या सगळ्या जीनची वंशावळ सारखीच नसते का? नसते. घरातच बघा, दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीचं नाक आजीवर गेलेलं असतं, दुसरीचं नसतं, आणि चुलत बहिणीचं मात्र हुबेहूब तेच असतं, म्हणजे फक्त नाकावरून नातं लावलं तर चुलत बहीण सख्खी ठरेल. प्रजातींचंही तसंच होतं, जुन्या पूर्वजाकडे एका जीनची दोन-तीन रूपं असतात, त्यातलं कुठलं रूप कोणाकडे राहील हे बऱ्याच अंशी नशिबावर असतं, आणि प्रजाती भराभर फुटत गेल्या की हा गोंधळ वाढतो. गोरिलाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की जीनोमच्या साधारण ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांना जितके जवळ आहेत त्याहून दोघांपैकी एक जण गोरिलाला जास्त जवळ आहे. माणूस आणि चिंपांझीच सख्खे, त्यात वाद नाही, पण प्रत्येक जीन ते सांगत नाही.

मी सुरुवातीला सगळे जीन मालगाडीच्या डब्यांसारखे एकापुढे एक जोडले आणि त्या लांबलचक ओळीवरून एकच झाड, म्हणजे वंशावळ, काढलं, बहुतेक जण सुरुवात अशीच करतात. झाड इतकं सुंदर आलं की काय सांगू, प्रत्येक फांदीवर सपोर्ट, म्हणजे त्या फांदीवरच्या भरवशाचा आकडा, १००. मी खूश होऊन गाईडकडे गेले, मॅडमनी एका आखूड फांदीवर बोट ठेवून विचारलं, "हे शंभर कुठून आले गं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेटा भरपूर असला की ते शंभर आपोआप येतात, त्याचा अर्थ सगळे जीन एकमताचे आहेत असा होत नाही, हे मला तोपर्यंत खरंच कळलेलं नव्हतं.

त्याच रात्री अ‍ॅस्ट्रल चालवलं. मिनिटभरात रन संपला आणि त्याच फांदीवर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, तीन आकडे आले, ०.३६, ०.३३, ०.३१. म्हणजे तिथे तीन शक्यता होत्या आणि तिघींच्या बाजूने जवळजवळ सारखीच मतं पडली होती. मी ज्या फांदीवर प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण लिहायला घेतलं होतं ती फांदी इतक्या कमी फरकाने उभी होती! मला या सॉफ्टवेअरचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचंच, ते विरोधातली मतं दाबत नाही, मोजून समोर ठेवतं.

आत ते चौकड्यांवर चालतं. कुठल्याही चार प्रजाती घेतल्या की झाडाचं मूळ कुठे हे बाजूला ठेवून त्यांची नाती जोडायच्या फक्त तीन पद्धती असतात, आणि गोंधळ निव्वळ वर सांगितलेल्या नाकासारखा असेल तर खरी पद्धत जीनमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणार हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. चारपेक्षा जास्त प्रजाती एकदम घेतल्या की मात्र ही खात्री जाते, तिथे सगळ्यात जास्त दिसणारं झाड चुकीचंही असू शकतं. म्हणून हे सगळं चौकड्यांमध्ये फोडायचं, माझ्याकडे २० पाली असतील तर ४,८४५ चौकड्या, आणि जीनमधल्या जास्तीत जास्त चौकड्यांशी जुळणारं झाड शोधायचं. कल्पना इतकी साधी आहे की मी बारावीच्या मुलांना फळ्यावर दाखवली तर पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरची मुलगी स्वतः येऊन तीन आकृत्या काढून गेली.

आता पक्ष्यांचं सांगते, कारण तिथे याचा खरा कस लागला. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांच्या पूर्ण जीनोमवरून एक गाजलेली वंशावळ आली, त्यात १४,४४६ तुकडे तपासले होते आणि त्यातल्या एकाही तुकड्याची वंशावळ शेवटच्या झाडाशी तंतोतंत जुळली नाही, एकाही! त्या झाडात रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, आणि त्याची सख्खी भावंडं टिबुकल्या, हे कबुतरांच्या शेजारी बसले होते. मग एप्रिल २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये ३६३ प्रजातींचं झाड आलं, कोपनहेगनच्या योसेफिन श्टिलर, मिरारब आणि बरेच जण, यावेळी ६३,४३० तुकडे, आणि मुख्य झाड अ‍ॅस्ट्रलने काढलेलं. त्यात कबुतरं रोहितपासून दूर गेली. जुन्या निकालामागचं कारणही त्याच सुमाराला मिरारब आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या पेपरमध्ये दाखवलं, चौथ्या गुणसूत्रावरचा सुमारे २ कोटी १० लाख अक्षरांचा एक पट्टा, जिथे डायनासोर संपले त्या काळाच्या आसपास जीनची अदलाबदल जवळपास थांबलेली होती, तो सगळाच्या सगळा पट्टा एकसुरात रोहित आणि कबुतराचं नातं सांगत होता. बाकीचा जीनोम तसं म्हणत नव्हता. मी हा पेपर वाचला आणि पुढच्याच थंडीत भिगवणला गेले, उजनीच्या पाण्यात रोहितांचा थवा उभा आणि त्यांच्या पायाशी दोन टिबुकल्या बुड्या मारतायत, किती वेळ नुसती बघत बसले होते.

टिबुकलीचं रोहितशी नातं मात्र नव्या झाडातही पक्कं राहिलं हे महत्त्वाचं.

आता त्रुटी, कारण त्या आहेतच. एक, हे जीन ट्रीवर, म्हणजे प्रत्येक जीनच्या वंशावळीवर, अवलंबून आहे, ती खराब असतील तर झाडही खराब. आखूड जीन, जेमतेम माहिती, अशा वेळी आधी कमकुवत फांद्या मिटवून टाका किंवा त्यांची नवी वेटेड आवृत्ती वापरा, ती सपोर्ट बघून मताला कमी-जास्त वजन देते, मी हल्ली तीच वापरते. दुसरं, दोन प्रजातींमध्ये संकर झाला असेल तर मूळ गणितात त्याला जागाच नाही. मात्र फांदीवरच्या त्या तीन आकड्यांपैकी दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांपासून फार वेगळे दिसले तर सावध व्हा, निव्वळ नशिबाचा खेळ असता तर ते दोघं साधारण सारखे आले असते. आणि जुन्या आवृत्तीत टोकाच्या फांद्यांना लांबीच मिळत नाही, त्यावरून काळ काढायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट माझ्यावर बेतलेली. ज्या कंपनीकडे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचायचं काम, दिलं होतं तिथून एका बॅचमध्ये सॅम्पलचं नाव एका अक्षराने वेगळं लिहून आलं, माझ्या लक्षात आलं नाही, आणि अ‍ॅस्ट्रलने ती सरळ वेगळी प्रजाती धरली. धरणारच, त्याला काय माहीत. पण आठ दिवस मी एका नव्या पालीचा शोध लागला असं समजून झोपले नाही, आणि खरं कळलं तेव्हा रडू आलं. तेव्हापासून रन सुरू झाल्यावर वर प्रजातींची संख्या छापून येते ती मी मोठ्याने वाचते.

माउस घेऊन क्लिक करत जायची सवय असेल तर पहिला आठवडा जड जाईल, सगळं कमांड टाईप करून चालतं. मॅन्युअल चांगलं आहे, पण ज्याला आधीपासून थोडं कळतं त्याच्यासाठी लिहिलेलं वाटतं. जुनी जावावाली आवृत्ती, ५.७.८, अजून धडधाकट आहे, डेटा मोठा असेल तर तिला मेमरी आधी वाढवून द्यावी लागते. आता सुरुवात करणार असाल तर अ‍ॅस्टर नावाचं नवं पॅकेज घ्या, वेटेड आवृत्ती त्यातच आहे, आणि एका जीनच्या अनेक प्रती असतील तर अ‍ॅस्ट्रल-प्रो पण.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आणि स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी एक करा, जुन्या आवृत्तीबरोबर सस्तन प्राण्यांच्या ४२४ जीन ट्रीची एक नमुना फाईल येते, तशीच फक्त प्रायमेट्सची, म्हणजे माकडं-माणसांच्या गटाची, पण आहे, ती चालवा आणि माणूस-चिंपांझीच्या फांदीवरचे तीन आकडे मागवून घ्या, त्यातला पहिला आकडा १ का नाही हे कोणालातरी समजावून सांगता आलं की मग आपल्या फाईली उघडा.