ब्रेनस्टेममधला रक्तस्राव: ऑपरेशन की औषधोपचार?

नागपूरच्या धंतोलीतल्या आयसीयूबाहेरून मित्राने विचारलं, "बाबांचं बीपी वाढून ब्रेनस्टेममध्ये रक्तस्राव झालाय. ऑपरेशनचा आग्रह धरू का रे?"

आधी जागा बघा. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ. श्वास, शुद्ध, गिळणं, डोळ्यांची हालचाल या सगळ्याच्या तारा या अंगठ्याएवढ्या भागातून जातात. बीपीचा रक्तस्राव बहुधा पॉन्समध्ये होतो, म्हणजे ब्रेनस्टेमच्या अगदी मधल्या भागात. तिथली साकळलेल्या रक्ताची गाठ काढायला जाताना शाबूत तारा तुटायची भीती असते. म्हणून बहुतेक ठिकाणी औषधोपचारच करतात: सिस्टोलिक बीपी साधारण १४० च्या आसपास आणणं, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, नळीतून अन्न, न्यूमोनिया आणि शय्याव्रण टाळणं. कंटाळवाणं वाटतं, पण जीव यावरच टिकतो.

सुईने गाठ ओढून घेण्याचं तंत्र चीन-जपानमध्ये वापरतात. निवडक रुग्णांत फायदा दिसल्याचे अहवाल आहेत, भक्कम पुरावा मात्र अजून नाही. मेंदूत पाणी साचून दाब आला तर ते बाहेर काढायला नळी टाकतात. ती छोटी शस्त्रक्रिया वेगळी, तिला लगेच नाही म्हणू नका.

खर्चात दोन्हीकडे आयसीयूचे दिवसच भारी पडतात. मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, आधी गाठा.

गाठ लहान, रुग्ण शुद्धीवर: औषधोपचार. गाठ मोठी, पहिल्यापासून खोल बेशुद्धी: ऑपरेशनने फारसं काही बदलत नाही. मधल्या रुग्णासाठी, विशेषतः तरुण असून प्रकृती ढासळत असेल तर, दुसऱ्या न्यूरोसर्जनला सीटी दाखवा. आणि रक्तस्राव सेरेबेलममध्ये, म्हणजे मागच्या लहान मेंदूत निघाला, तर हिशेब उलटा: मोठ्या गाठीला ऑपरेशन तातडीने.