५० एमएमच्या दोन लेन्स: एफ/१.४ घ्यावी की एफ/१.८?

५० एमएम फोकल लांबीच्या लेन्सची चर्चा निघाली की एफ/१.४ वरचढ हे गृहीतच धरलं जातं. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि प्रकाश जास्त. एकाच कंपनीच्या या दोन लेन्स मी एकाच २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावून पाहिल्या. दोन्ही डबल गॉस रचनेच्या (छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखे काचांचे गट), म्हणजे पॉल रुडॉल्फनं १८९६ साली झाइस या जर्मन कंपनीसाठी केलेल्या प्लानार लेन्सच्या कुळातल्या.

भिंतीवर लेन्स तपासायचा छापील चार्ट लावणं मी टाळलं. चार्ट सेन्सरला जरा जरी तिरका झाला तरी खापर लेन्सवर फुटतं. त्यापेक्षा लांबचं निष्पर्ण झाड बरं, आकाशासमोर बारीक फांद्या. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून हातानं फोकस. फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), आणि सॉफ्टवेअरमधलं लेन्सचे दोष आपोआप सुधारणारं लेन्स प्रोफाइलही बंद. नाहीतर कोपऱ्यांतला काळोख आधीच उजळलेला दिसतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

मध्यभागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एफ/१.४ला पहिली लेन्स धूसर, १.८ला ती दुसरीपेक्षा किंचित धारदार, २.८ला दोघींत फरक शोधावा लागतो.

खरी गंमत कोपऱ्यांत आहे. एफ/१.८च्या लेन्सचा उजवा वरचा कोपरा ५.६लाही पुसट येत होता, बाकीचे तीन चांगले. मग कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा केला. आधी पुसट आलेल्या त्याच फांद्या आता सालीच्या खरखरीसकट स्वच्छ आल्या आणि झाडाची डावीकडची खालची बाजू बिघडली. म्हणजे आतली एखादी काच केंद्रातून सरकलेली. लेन्स बदलून घेतली. दुसऱ्या नगाचे चारही कोपरे सारखे निघाले. म्हणून लेन्स नवी असली तरी परत करण्याची मुदत संपण्याआधी एवढं कराच. मॉडेल कितीही नावाजलेलं असो, तुमच्या हातात येतो तो एक नग.

एफ/१.४च्या लेन्सचे कोपरेही २ला मऊ होते, पण चारही सारखे. फोकस कोपऱ्यावर नेला तर कोपरा धारदार झाला आणि मधला भाग गेला. हे फोकसच्या प्रतलाचं वाकणं. माणसांच्या फोटोत ते जाणवतही नाही; चित्रांच्या किंवा कागदपत्रांच्या प्रती काढायच्या असतील तर मात्र त्रास देतं.

चकचकीत साखळीवर दोघींचा एकच दोष दिसला: फोकसच्या पुढे जांभळी कड, मागे हिरवी. ४पर्यंत ती जवळपास जाते. रात्रीचे दिवे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपऱ्यात पंख फुटल्यासारखे पसरतात, त्यामुळे ताऱ्यांसाठी दोन्ही नकोत. १६ला डिफ्रॅक्शनचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा, आणि या सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा. तिथे दोन्ही सारख्याच मऊ.

१.४ आणि १.८मध्ये अंतर दोन तृतीयांश स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). अंधारात माणसं टिपणाऱ्यानं त्यासाठी एफ/१.४चं वजन जरूर उचलावं, तिथे तो प्रकाश कामी येतो. मी निसर्गचित्रं काढतो, ५.६ ते ८वर. मी एफ/१.८ ठेवली.